फेकायच्या काड्या

जपानात कोबेला आमच्या वरच्या मजल्यावरचे काका एका लांबच्या बेटावरून लाकूड मागवायचे. कुणाच्याही घरी गेले की टेबलावर बोटाने टकटक करून म्हणायचे, "हे आपलंच हो, वहिनी!"

त्या बेटाच्या देशाने अख्खे ओंडके बाहेर पाठवायला बंदी घातली, लाकूड इथेच कापा, आमच्या लोकांना काम द्या म्हणाले, तेव्हा काका भयंकर चिडले. "झाडं काय, परत उगवतात!" बंदी उठवा म्हणून सांगायला ते स्वतः तिकडे गेले. एवढी वर्षं त्यांनी ते लाकूड फक्त कोबेच्या धक्क्यावरच पाहिलं होतं.

काही दिवसांनी परतले. आमच्याकडे मराठी मंडळाची मीटिंग होती, काका आले, पण टेबलावर टकटक नाही.

"काय म्हणतंय बेट?" मी विचारलं.

"बंदी बरोबर आहे. पण आता राखायला उरलंय काय तिथे?"

कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून आणलेले जेवणाचे डबे खाऊन सगळ्यांनी जेवायच्या लाकडी काड्या जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या. काकांनी त्या वेचून बाहेर काढल्या आणि बेसिनपाशी उभे राहून एकेक धुवायला लागले.

"राहू द्या हो काका, त्या फेकायच्याच असतात."

"हो ना," ते म्हणाले, आणि धुवत राहिले.