नाशिकची पोथी आणि बाबांचा हरताळ

२००७ च्या जानेवारीत मी ठाण्याहून नाशिकला एकटीच निघाले. माझा नवरा सुधीर असता तर म्हणाला असता, पोथी बघायला कोण जातं, लोक द्राक्षं खायला जातात. त्याला जाऊन वर्ष झालं होतं.

आमच्या घरातली चारशे वर्षांची पोथी बाबांनी शेवटच्या दिवसांत गोदाकाठच्या एका वाचनालयाला देऊन टाकली. तिच्या शेवटच्या पानावर घरात जन्मलेल्यांची नावं लिहीत. मी १९९१ साली जातीबाहेर लग्न केलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "पोथीतल्या तुझ्या नावाला हरताळ फासतो." इतरांसाठी हा नुसता वाक्प्रचार. बाबा पोथ्या दुरुस्त करायचे, आमच्याकडे तो पिवळा हरताळ, अक्षरांवर फासायचा रंग, खलात घोटलेलाच असायचा. पुढे आम्ही कधी बोललो नाही. त्यांनी खरंच फासला का, एवढंच मला बघायचं होतं.

नाशिक रोडला उतरून शालिमारची सिटी बस धरली. मिसळ खाताना समोर बसलेल्या कुटुंबानं मला पापड देऊ केला. सकाळपासून माझ्याशी तेवढंच कुणी बोललं.

वाचनालयात ओळखपत्र न्या, अर्ज लिहावा लागतो. पेन बाहेर ठेवायचं, पेन्सिल चालते. म्हातारे ग्रंथपाल लाल फडक्यात बांधलेली पोथी घेऊन आले, सावकाश गाठ सोडली आणि शेवटचं पान काढलं. दादाचं नाव होतं. त्याखाली, माझ्या नावाच्या जागी, पिवळा पट्टा.

"खोडलंच शेवटी," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा सारखा केला. "ताई, हरताळ नुसता खोडायला नसतो. चुकलेलं झाकायचं आणि त्यावर नीट लिहायचं, यासाठी लावतात. बघा, वर लिहिलंय की."

पट्ट्यावर फिकट शाईत, बाबांच्या थरथरत्या अक्षरात माझं नाव होतं. पुढे सुधीरचं नाव आणि त्याचं आडनाव. मला रडू आवरेना. पान भिजेल म्हणून ग्रंथपालांनी पोथी हळूच स्वतःकडे ओढली, ते बरंच केलं.

संध्याकाळी घरी येऊन कुलूप काढलं. सुधीरला बाबांनी जावई म्हणून लिहिलंय, हे सांगायला घरात कुणी नव्हतं. बाबांनी मला दोन ओळींचं पत्र टाकलं नाही, याचा राग अजून आहे. मीही टाकलं नाही, याचा जास्त आहे.

तुम्हाला जायचं असेल तर वाचनालय सोमवारी बंद असतं. बाकी घाई नको, पोथ्या जागेवरच असतात. माणसांकडे आधी जाऊन या.