लोनबले भाऊंची गाडी थांबत नसे

लोनबले भाऊ पंखा बंद केला की मोजायला लागत. बटण दाबायचे, मान वर करून पात्यांकडे बघायचे आणि ओठांतल्या ओठांत एक, दोन, तीन सुरू. पाती पूर्ण थांबेपर्यंत खोलीबाहेर पाऊल नाही. आमच्या स्टाफरूममधला पंखा सव्वीस घ्यायचा, मुख्याध्यापकांचा एकोणीस. गावातली पिठाची चक्की बंद होताना ते दारात उभे राहून मोजत. चक्कीवाला वैतागून म्हणे, "भाऊ, पीठ घेऊन जा न आता!" तरी हलत नसत. मी शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, म्हातारा जरा सटकलेला दिसतो.

ते मालगाडीचे ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर ब्रह्मपुरीचं घर मुलाकडे सोपवून आमच्या खेड्यात एका खोलीत येऊन राहिले. बायको आधीच गेली होती. आमचं गाव म्हणजे धानाच्या बांध्या, अर्थात भातखाचरं, त्यांना लागून रेल्वेची लाइन आणि लाइनपलीकडे जंगल. इथे का आलात असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "हवा चांगली आहे इथची." वैशाखात आमच्याकडची हवा ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना या उत्तरातला खोटेपणा सांगायला नको.

एके दिवशी ते खांद्यावर लाकडी पेटी घेऊन शाळेत आले. "सर, पोरांले गाडी दाखवाची आहे." पेटीत खेळण्यातलं साधं इंजिन, चार डबे, गोल जोडायचे रूळ आणि वीज कमीजास्त करायची एक फिरकी. नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेला संच. दिवा नाही, शिट्टी नाही. फिरकी उजवीकडे फिरवली की पळायची, डावीकडे फिरवली की वीज बंद. पण वीज बंद झाली तरी गाडी थांबायची नाही. भाऊंनी इंजिन उघडून मोटारीच्या दांड्यावर पितळेचं जड चाक बसवलं होतं आणि डब्यांत शिसं ओतलं होतं. त्या वजनानं गाडी पुढे दीड फेरा जायची.

"बाकी खेळने बंद केले का थांबते, म्हनून ते खेळने," ते म्हणायचे. "हे गाडी आहे. ब्रेक मारनं आपलं, थांबनं तिचं."

दर फाल्गुनात, मोहा पडायला लागण्याआधी, त्यांचा तास असे. मोहाची झाडं लाइनपलीकडे. फुलं वेचायला बाया-पोरं झुंजुमुंजू असतानाच टोपल्या घेऊन रूळ ओलांडतात. भाऊ रुळावर मातीची बाहुली उभी करायचे, एक हात वर केलेली. माती दादाजी नावाच्या म्हाताऱ्याच्या बांधीतली, लाइनला अगदी लागून असलेल्या. बाहुली दूर असतानाच भाऊ वीज बंद करत. पोरं श्वास रोखून बघत. गाडी सावकाश, अगदी सावकाश जाई आणि बाहुलीला पाडून तिचे तुकडे करी. थांबेपर्यंत सगळ्यांनी मोजायचं. अकरा भरत. मग भाऊ म्हणत, "हे खेळन्याचे अकरा झाले. आता खऱ्या गाडीचे मोजू." आणि सगळा वर्ग उभा राहून बहात्तरपर्यंत मोजे. चाळिसाच्या पुढे पोरांचा आवाज आपोआप खाली यायचा.

बहात्तरच का, हे मी एकदा विचारलं. ते बराच वेळ रुळाचे तुकडे पेटीत रचत राहिले. मग बोलले.

"सर, आपल्या इकडं यष्टीले हात दाखवला का थांबते. जीपगाडीले दाखवला का थांबते, जागा नसली तरी थांबते. एका बाईची कालवड रुळावर बसली होती. उठे नाई. ते बाई कालवडीच्या पुढं येऊन उभी झाली अन् तिनं हात वर केला. मी शिट्टी वाजवून राह्यलो, ब्रेक मारला. ते माह्याकडं पाहून राह्यली. भेली नाई. हसली वानी वाटली मले. तिले वाटलं, पाहून राह्यला, म्हंजे थांबते." त्यांनी पेटीचं झाकण लावलं. "कालवड उठून पळाली, सर. गाडी थांबली तवा मी बहात्तर मोजले होते. काऊन मोजले, मले ठाव नाई."

ती जागा आमच्याच गावाची होती, हे तेव्हा कळलं. मग हवेबद्दल मी पुन्हा कधी विचारलं नाही.

इतकं ऐकूनही मी जे केलं ते सांगायलाच हवं. एका कंपनीच्या निधीतून शाळेला आधुनिक प्रयोगशाळा मिळाली. तीत एक झुकझुक गाडी होती. काय तिचा थाट! मोबाइलवर चालायची, शिट्टी द्यायची, नळकांड्यातून वाफ सोडायची, स्टेशनाचं नाव बाईच्या आवाजात पुकारायची. तिच्या किमतीत भाऊंच्या पेटीसारख्या वीस-पंचवीस पेट्या आल्या असत्या. आणि तिच्या तोंडाशी एक डोळा होता. समोर काही आलं की जागच्या जागी थांबायची. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांनी तिच्यापुढे हात धरला. गाडी थांबली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग पोरांची रांग लागली, प्रत्येकानं हात दाखवायचा आणि गाडी थांबवायची.

भाऊ मागे उभे होते. पाहुणे गेल्यावर माझ्याजवळ आले. चेहरा पांढराफटक.

"सर, हे पोरांले दाखवू नोका."

"का हो? तुमच्या गाडीपेक्षा चांगली आहे म्हणून?" मी म्हणालो. हे शब्द माझेच, दुसऱ्या कुणाचे नाहीत.

"लय चांगली आहे न. पन खोटी आहे. हात दाखवला का थांबते."

"भाऊ, खऱ्या गाड्यासुद्धा उद्या अशाच होणार. जमाना कुठल्या कुठे गेला आणि तुम्ही अजून फिरक्या फिरवताय."

"होतील त तवा दाखवजा. आज लाइनवरून जे जाते, ते थांबत नाई."

प्रयोगशाळेत जागा कमी होती. ज्या टेबलावर ते गाडी मांडत, ते हलवायला मीच सांगितलं. त्यांनी पेटी भरली, खांद्यावर घेतली. जाताना सवयीनं पंखा बंद केला आणि पाती थांबेपर्यंत मोजून मगच गेले.

त्यानंतरचे दोन मोहाचे हंगाम ते पहाटे लाइनकडच्या पायवाटेवर बसत. फळीवर रूळ, शेजारी मोटारसायकलची जुनी बॅटरी. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना थांबवायचे, "पाहून जा व बाई." कुणी थांबे, कुणी हसे. एकीनं तर झाडलंच, "भाऊ, फुलं ढोरं खाऊन टाकतीन, जाऊ द्या न आमाले!" मी सकाळच्या शाळेला जाताना ते बघत असे आणि मोटारसायकल जरा जोरात काढत असे.

आमच्या नव्या गाडीची नवलाई वर्षभर टिकली. मग माझा मोबाइल बदलला, तर ती त्याला ओळखेना. पुढे तिची बॅटरी फुगली. दुरुस्तीवाल्यानं सांगितलं, सगळा संच पुण्याला पाठवावा लागेल. ती काचेच्या कपाटात जाऊन बसली. अजून दिसते मोठी देखणी.

तिसऱ्या फाल्गुनात सातवीच्या वर्गावर मी सहज विचारलं, "मोहा वेचायला गेलात आणि समोरून रेल्वे आली, तर काय करायचं?"

पुढच्या बाकावरची हुशार मुलगी पटकन उठली. "हात दाखवाचा, सर. मंग थांबते."

मला वाटलं, बाकीचे हसतील. कुणी हसलं नाही. अर्ध्या वर्गानं माना डोलावल्या. एकानं तर मला समजावून सांगितलं, "इंजिनाले डोळा असते न, सर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायला हवी होती, पण रागवणार कुणावर? शिकवलं मीच होतं. त्या दोन वर्षांत रुळावर कुणी मेलं नाही. ते आमचं नशीब. त्यात माझी हुशारी कणभरही नाही.

शाळा सुटायची वाट न बघता मी भाऊंच्या खोलीवर गेलो. कुलूप. आठ दिवसांपासून ते ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात असल्याचं शेजारणीनं सांगितलं. छातीत पाणी झालं होतं.

दवाखान्यातल्या खाटेवर भाऊ निम्मे झाले होते. मला बघून मुलाला म्हणाले, "सरांले बसाले दे." थोड्या वेळानं विचारलं, "गाडी आली त काय कराचं, इचारलं का पोरांले?"

"विचारलं."

"काय म्हनले?"

माझ्या तोंडून खरं निघेना. "बाजूला व्हायचं म्हणाले."

ते माझ्याकडे बघत राहिले. ड्रायव्हरची नजर, लांबचं दिसणारी. "मंग बरं आहे," म्हणाले. जरा थांबून, "पेटी खोलीत खाटेखाली आहे. चाकाले दोनच थेंब तेल. जास्ती नोका टाकू." म्हणजे माझं खोटं त्यांना कळलं होतं.

तेवढ्यात लाइट गेली. डोक्यावरचा पंखा मंदावला आणि त्यांचे ओठ हलायला लागले. नवापर्यंत मला दिसलं. पुढे धाप लागली आणि मोजणं राहून गेलं. उरलेलं मी मोजलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

त्यांच्या इच्छेप्रमाणे माती आमच्या गावात झाली. लाकडं दादाजीनं आणली, स्वतःच्या बैलबंडीतून. सगळे पांगल्यावर तो माझ्याशेजारी बसून राहिला. मग चितेकडे बघतच म्हणाला, "आल्या दिवशीच वळखलो होतो मी त्यायले. रेल्वेच्या चौकशीत पाह्यलं होतं. माह्या बांधीतली माती नेत. काऊन नेते, ठाव होतं मले. बाहुली माह्या बायकोची होती न, सर. नोका नेऊ कसा म्हनू?"

इतकी वर्षं दोघांनी एकमेकांना रामराम घातला होता. त्यापलीकडे एक शब्द नाही.

चार दिवसांनी मी दादाजीच्या बांधीतली माती आणली. माझ्या हातची बाहुली बेढब झाली, पण हात वर आला. चाकाला दोन थेंब तेल घातलं, टेबल पुन्हा मधोमध मांडलं, फिरकी उजवीकडे फिरवली. गाडी पळायला लागली. बाहुली दूर असतानाच मी वीज बंद केली.

"आता थांबते," सातवीतली ती मुलगी म्हणाली.

गाडी थांबली नाही. बाहुलीचा हात आधी तुटला, मग बाकीची.

पोरं वाकून तुकड्यांकडे बघायला लागली. मग तिनंच विचारलं, "सर, ते बाजूले काऊन नाई झाली?"

"तिला वाटलं, थांबेल," मी म्हणालो. "उभे राहा सगळे. बहात्तरपर्यंत मोजायचं आहे."