गुरुजींचे तीन वारे

समस्त सौंसर-पांढुर्णावासीयांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, शेअर बाजारातले हजारो शेअर हलवणारे वारे फक्त तीन आहेत आणि ते आजवर कोणालाही दिसलेले नाहीत. असं आमचे गणिताचे गुरुजी म्हणत, आणि म्हणून झाल्यावर डोळे मिटत. वाऱ्यांना ते नावं देत नसत. "पावसाचा असन, व्याजाचा असन, माणसाच्या भीतीचा असन. आकडे हालतात, नाव कुठं सांगतात?"

निवृत्तीनंतर ते बोरगावच्या आपल्या संत्र्याच्या बागेत खाटेवर लॅपटॉप घेऊन बसत. आंबिया बहाराच्या दिवसांत फुलांचा वास इतका दाट, की पडद्यावरचे आकडेही झोपेत चालल्यासारखे वाटत. गुरुजींचं लक्ष मात्र झाडांकडे. "सारी बाग हालली, तं वारा. एकच फांदी हालली, तं तिच्यावर माकड. शेअर हालला, त्यात वारा किती अन् माकड किती, एवढंच माह्यं गणित, लेका."

मीही शहाणा. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ठेवलेला पैसा मी पाच कंपन्यांत विभागला होता: बियाणं, खत, पंप, ट्रॅक्टर, फवारणीचं औषध. कृषी केंद्राच्या पाट्यांवर रोज दिसणारी नावं, म्हणजे घरचीच माणसं. गुरुजींनी त्या पाचही शेअरचे जुने भाव लॅपटॉपात घातले. पाचही रेघा एकाच तालात डुलू लागल्या.

"पाच झाडं नाही लावली तू. एकाच झाडाच्या पाच फांद्या धरून बसून राहिला. पाऊस रुसला का पाचही खाली. अन् तवा तुह्या वावरात कापूस तरी राहीन काय?"

मी अर्धा पैसा काढून पोस्टात टाकला. अर्धा मोहापायी राहू दिला. त्या वर्षी पाऊस खरंच रुसला, पाचही शेअर घसरले. मुलगी नागपूरच्या कॉलेजात गेली ती पोस्टातल्या पैशावर. पेढे घेऊन गेलो, तर गुरुजी झाडांकडे बघत म्हणाले, "माकडं अजून नीट मोजता नाही आली मले."

गेल्या महिन्यात गुरुजींच्या मुलाने त्यांना आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, पुण्याला न्यायचं ठरवलं. सौंसरच्या स्टँडवर नागपूरची बस लागली होती. काकू खिडकीशी, शेजारी गुरुजी. मी खिडकीचा गज धरून विचारलं, "गुरुजी, पोरीचं शेवटचं वर्ष बाकी हाय. उरलेला अर्धा आता वर जाईन का खाली?"

ते कुठेतरी दूर बघत हसले. "ते मले काय मालूम? किती हालन, ते सांगतो. कोण्या बाजूले जाईन, ते माह्या गणितात नाही."

बारा वर्षं बागेत चहा पोचवणाऱ्या काकू इतक्या मोठ्याने बोलल्या, की कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवरच राहिला.

"अन् मी साऱ्या मोहल्ल्याले सांगून ठेवलं, का आमच्या ह्यांले उद्याचं दिसते."