खाली लेक, मांडीवर नात

लेक गेली त्या दिवसापासून मी राजूरच्या गणपतीशी बोलणं सोडलं होतं. लग्न होऊन केदारखेड्याला आल्यापासून दर चतुर्थीला राजूरला जाणारी मी. पण मेलबर्नच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मान हलवली आणि माझ्या तोंडून त्याचं नाव निघेनासं झालं. मनीषाच्या बाळंतपणासाठी गेले होते. सगळं नीट पार पडलं, नात चार महिन्यांची झाली, आणि एका सकाळी मनीषाच्या डोक्यात रक्तस्राव झाला. मेलबर्नला जाण्याआधी मी तिच्यासाठी केवढं मागितलं होतं गणपतीकडे.

कागदपत्रं होऊन निघायला बरेच दिवस गेले. मुंबई जवळजवळ दहा हजार किलोमीटर, विमानात बारा-तेरा तास, असं जावयांनी सांगितलं. मला एवढंच कळत होतं की त्याच विमानात खाली पेटीत माझी लेक आहे आणि वर माझ्या मांडीवर तिची लेक.

आईचं दूध तुटल्यापासून बाळ चमच्याने वरचं दूध कसंबसं पीत होतं. विमान उडाल्यावर तेही बंद झालं. घोट दिला की ओकून टाकायची. रडून रडून आवाज बसला, मग रडणंही थांबलं. त्या थांबण्याचीच मला जास्त धास्ती वाटली. जावई पडद्याकडे बघत म्हणाले, "आई, अजून अर्धंबी अंतर झालं न्हाई." पडद्यावरचं छोटं विमान निळ्या समुद्रावर जागचं हलत नव्हतं. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं आणि खाली कुठे जमीन नव्हती. देवाला हाक मारावी असं मनात आलं, पण रागापायी तीही मारली नाही.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक तरुण बाई उठून आली. बोलण्यावरून हैदराबादकडची. तिने कडेवरचं आपलं झोपलेलं मूल जावयांच्या हातात दिलं आणि बाळ घ्यायला माझ्यापुढे हात केले.

"मेरे कू देव, अम्मा. मेरे कू दूध है."

मी जावयांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून होकाराची मान डोलावली. ओढणीआड तिने बाळाला जवळ घेतलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग गिळण्याचा बारीक आवाज आला, आणि मी तोंडात पदर कोंबून रडले. लेक गेल्यापासून पहिल्यांदाच.

मुंबईपर्यंत तीच पाजत राहिली. उतरल्यावर आम्ही पेटीच्या मागे धावलो, ती बाई गर्दीत गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मनीषाला आम्ही आमच्याच शेतात अग्नी दिला. लेक का नेली, हा प्रश्न मिटलेला नाही, आणि मिटेल असं वाटतही नाही. तरी पुढच्या चतुर्थीला मी राजूरला गेले. नवस बोलले नाही, तक्रार केली नाही. मनात एवढंच म्हटलं, मागितलं ते तू दिलं न्हाईस, आणि जे मागायचीही ताकद नव्हती ते दिलंस. आता काय द्यायचं ते तूच बघ. हात काही जोडता आले नाहीत. दोन्ही हातांत नात होती.