टेंभी नाक्यावरचा पायेश

गेल्या नवरात्रात, सातव्या माळेच्या संध्याकाळी, टेंभी नाक्यावर 'पायेश' अशी पाटी लावून तो विकणाऱ्या एका बंगाली बाईवर अन्याय झाला. पायेश म्हणजे तांदळाची खीरच. मंडळाची पोरं तिच्यावर ओरडली, "ए मावशी, इकडे खीर म्हणायचं! पाटी काढ, नाहीतर टोप उचल."

खाली लागू नये म्हणून ती ढवळतच राहिली. "दादा, माझा नवरा दुबईत हॉटेलात हेच बनवतो. तिकडे रुझ बि हलीब बोलतात. त्याच्या बाजूचा केरळवाला पायसम बोलतो. टोप उचल, असं कोणीच बोलत नाही."

पोरांनी पाटी मोडली. तिनं गॅस बंद केला, भरलेला टोप पदरानं धरून उचलला आणि गेली. बघत उभे होतो ते आपणच.

यंदा ती आली, तर तिच्या बाजूला उभे राहा आणि मोठ्यानं पायेश मागा.