खरवस ते लायसन्स

आमच्या परळच्या ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. डब्याच्या वेळी एक सांगायला घ्यावा, तोवर समोर दुसरा घडत असतो!

*

विक्रीचे आकडे, आलेख वगैरे दाखवणारं एक सॉफ्टवेअर आमच्याकडे आहे. ते उघडायला ज्याला-त्याला लायसन्स लागतं. लायसन्सं कमी, माणसं जास्त. कोणाचं काढून कोणाला द्यायचं, हे मी बघायचो. त्यामुळे काय मान होता राव माझा!

अकाउंट्सच्या लेले मॅडम गिरगावातून खास खरवस घेऊन यायच्या. "परब, घ्या हो, घरचाच आहे." मी दुसरी वडी उचलली की हळूच म्हणायच्या, "ते लायसन्सचं तेवढं बघा हं!"

*

सेल्सच्या कदमने लायसन्स घेतलं आणि कधी उघडलंच नाही. म्हटलं, "सोड की, लोक थांबलेत." तर म्हणतो, "असू दे रे, कधी लागलं तर?" एसटीच्या सीटवर रुमाल टाकून हा बाबा चहा प्यायला गेलेला!

*

आमचे तावडे साहेब पक्के दादरकर. गावाला जाणाऱ्यांची भारी टिंगल करायचे. वहिनी मात्र आमच्या मालवणकडच्या.

यंदा घरच्या गणपतीची पाळी माझी होती. आई म्हातारी, भाऊ परदेशात. मी गेलो नाही तर मूर्ती आणणार कोण? रजा मागितली, तर साहेब म्हणाले, "तू गेलास तर लायसन्स कोण देणार? सगळं ऑटोमॅटिक कर, मग खुशाल जा."

केलं! आठवडाभर उघडलं नाही की लायसन्स आपोआप जाणार, रांगेतल्या पुढच्याला मिळणार. रजेची नोंद असेल तरच सूट.

"वशिला बंद," साहेब खूश. "नियम म्हणजे नियम. मलासुद्धा सूट नको!"

*

कदम हुशार. रोज सकाळी सॉफ्टवेअर उघडायचा आणि चहाला जायचा. महिन्याच्या शेवटी सगळ्यात अभ्यासू कर्मचारी म्हणून त्याला चहाचा मग बक्षीस मिळाला. आता त्यातूनच पितो.

लेले मॅडमना विचारलं, "खरवस नाही आणला?"

"आता कोणाला देऊ? मशीनला?"

फार लागलं हो मनाला.

*

तर, गणपतीला गेलो. मूर्ती वेळेवर घरात आली, आईने दृष्ट काढली, मी निवांत. गौरी आल्या त्या दुपारी तावडे साहेबांचा फोन.

"परब! माझं लायसन्स गेलं! संध्याकाळी डायरेक्टरना आकडे दाखवायचेत!"

"साहेब, आठवडाभर उघडलं नसेल. रजा टाकली असतीत तर गेलं नसतं."

"रजा कसली? दादरला बसून घरून काम करतोय मी! इथे मरायला फुरसत नाही आणि तुम्ही तिकडे मोदक खाताय!"

मी घाबरलोच. लॅपटॉप उघडायला लागलो. तेवढ्यात आमच्या देवळातला लाऊडस्पीकर खरखरला : "मुंबयच्या पांढऱ्या गाडयेवाल्यांनी गाडी बाजूक घेवची! भजनाचो टेम्पो अडकलो हा!"

आवाज खिडकीतून आला. आणि फोनमधूनही आला.

मी लॅपटॉप मिटला. मग मी म्हटलं, "साहेब, आधी गाडी बाजूला घ्या. लॅपटॉप घेऊन मी येतोच देवळापाशी."