आधी वाचून दाखवा

पिंप्राळ्यात सुकलाल महाजनांचं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. दुकानाचा नियम एकच. छपाईआधी गिऱ्हाइकाने मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा. सुकलाल पंख्याकडे बघत ऐकायचा आणि सगळं बरोबर वाटलं की मान हलवायचा. माणूस शिस्तीचा आहे, असं लोक म्हणत. काही जण म्हणत, चूक गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची युक्ती आहे.

खरं कारण असं होतं, की त्याला वाचता यायचं नाही. अक्षरं ओळखू यायची. पण ओळीत बसली की ती जागा बदलायची, आणि आकडे तर उलटेच उभे राहायचे. एरंडोलच्या शाळेत मास्तरांनी त्याला आळशी ठरवलं होतं आणि त्यालाही ते पटलं होतं. चित्रं मात्र छान काढायचा. म्हणून पाट्या रंगवायला लागला. समोरचं अक्षर चित्रासारखं उतरवायचं, झालं. पुढे संगणक आला, आणि बायको हेमलता मजकूर टाइप करायला लागली. तिला सगळं ठाऊक होतं. बाहेर कोणाला नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलात हेमलता बहिणीच्या बाळंतपणासाठी दोन महिने धुळ्याला गेली होती. त्याच आठवड्यात भाईदास आबा नातवाच्या लग्नाची पत्रिका करायला आले. आबा एरंडोलकडच्या खेड्यातले. मजकूर कोणीतरी कागदावर लिहून दिला होता. सुकलालने तो एकेक अक्षर बघत टाइप केला, अर्धा दिवस लावला आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, आबा, वाचून दाखवा.

आबांनी पडद्यासमोर वाकून गणपतीपासून आहेरापर्यंत सगळं खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं. मामाचं नाव, गावाचं नाव, बारा मे, गोरज मुहूर्त. कुठे अडखळले नाहीत. सुकलालने मान हलवली. पत्रिका छापल्या गेल्या आणि वाटल्याही गेल्या.

मुक्ताईनगरच्या मामांचा फोन आला तेव्हा कळलं, की पत्रिकेत एकवीस मे आहे. मग घरातले सगळे फोन घेऊन बसले. लग्न बाराला लागलं. सुरतेच्या एका कुटुंबाला फोन करायचं राहून गेलं होतं, ते एकवीसला आहेर घेऊन हजर झालं. त्यांना पिठलं-भाकरी करून घातली आणि नवरा-नवरीला पुन्हा पाटावर बसवून फोटो काढले.

त्यानंतर आबा दुकानात आले. सुकलाल त्यांना बघून उठून उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं, की तुम्हीच वाचलं होतं. आबांनी खुर्ची ओढली, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"त्या दिन मी बोलनू, तू आयकं," ते म्हणाले. "पन वाचं कोनी? माले वाचता येत नही, भाऊ. पाठ व्हतं तेच बोलनू."

सुकलाल पुन्हा खाली बसला. मग म्हणाला, "माले बी."

बायकोखेरीज हे त्याने पहिल्यांदाच कोणाला सांगितलं. आबांनी चहा मागवला, दोघांनी घेतला, आणि आबा बसची वेळ झाली म्हणून निघून गेले.

हेमलता परतली तेव्हा सोबत तिची बहीण ज्योती आली होती, कुशीत बाळ. ज्योती धुळ्यात वाचायला अडचण असलेल्या मुलांना शिकवते. तिने सुकलालला थोडं वाचायला लावलं आणि सांगितलं, की हा आळस नाही, याला डिस्लेक्सिया म्हणतात, तुमची अक्कल ठीक आहे. अक्कल ठीक असल्याचं ऐकून सुकलालला बरं वाटलं. मग मास्तरांचा राग आला. तो राग बरेच दिवस टिकला.

तिने संगणकावर मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घालून दिलं. एक बाई सपाट आवाजात वाचायची आणि ती म्हणेल तो शब्द पडद्यावर पिवळा व्हायचा. सुकलालने आधी हेडफोन लावला, कोणाला कळू नये म्हणून. पण गिऱ्हाइकांना वाटायचं हा गाणी ऐकतो, आणि ते चिडायचे. शेवटी त्याने स्पीकर आणला. कोणी विचारलं तर तो सांगायचा, मला वाचायला जमत नाही, ही वाचते. पिंप्राळ्यात आठवडाभर यावर बोलणं झालं. मग लोकांना दुसरे विषय मिळाले.

यंदा आबा नातीची पत्रिका करायला त्याच्याकडेच आले. दोघांनी शेजारी बसून ऐकलं. बाईने तारीख स्वच्छ म्हटली.

"हाई बाई कोठली शे?" आबांनी विचारलं.

"कोठलीच नही, आबा. मशीन शे."

"तरी बठ्ठं बरोबर बोलनी," आबा म्हणाले, आणि पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

सुकलाल आता दुपारी दुकान रिकामं असलं की संगणकावर वर्तमानपत्र उघडतो आणि त्या बाईकडून वाचून घेतो. लग्न झाल्यापासून ते त्याला हेमलता वाचून दाखवायची. पहिल्यांदा पूर्ण पान ऐकलं त्या दिवशी तो घरी आला आणि जेवता जेवता म्हणाला, "तू मधलं मधलं सोडत होतीस."

"तुम्हाला झोप लागायची," हेमलता म्हणाली आणि त्याला भाजी वाढली.